बिघाडावरून यंत्रणा ओळखताना

कोविडच्या दोन वर्षांत घराघरांत एकच सल्ला ऐकू येत होता : 'प्रतिकारशक्ती वाढवा.' गुळवेलीचा काढा घ्या, हळदीचे दूध प्या, अमुक गोळ्या रोज सकाळी उपाशीपोटी घ्या. या सगळ्यामागे एक समजूत होती. प्रतिकारशक्ती म्हणजे तापमापीतल्या पाऱ्यासारखी एकच गोष्ट. खाली उतरली की आजारपण, वर चढली की आरोग्य. रोगप्रतिकारशास्त्र शिकायला आलेला विद्यार्थीही बहुधा हीच समजूत घेऊन वर्गात बसतो. ती मोडण्याचे काम करतात या यंत्रणेचे बिघाड.

बहुतेक विषयांत आधी निरोगी शरीर शिकवतात, मग रोग. इथे मात्र बऱ्याचदा गाडी उलटी चालते. हृदयाचे ठोके ऐकू येतात, फुप्फुसांचा भाता हलताना दिसतो. पण रक्तात, लसीका ग्रंथींत आणि आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या पेशी निरोगी माणसात काय करत असतात, याचा बाहेरून पत्ताच लागत नाही. एखादा भाग जन्मतःच नसलेले मूल डॉक्टरांसमोर येते, तेव्हा तो भाग काय करत होता हे उमगते. मिनेसोटा विद्यापीठातले रॉबर्ट गुड अशा आजारांना 'निसर्गाने केलेले प्रयोग' म्हणत. विद्यापीठांतला या विषयाचा अभ्यासक्रम आजही बराचसा त्या प्रयोगांवर उभा आहे.

एक मुलगा आणि काही कोंबड्या

१९५२ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ऑग्डन ब्रुटन हे बालरोगतज्ज्ञ एका आठ वर्षांच्या मुलावर उपचार करत होते. चार वर्षांत त्याला पुन्हा पुन्हा रक्तात जंतुसंसर्ग झाला होता, न्यूमोनिया झाला होता. पेनिसिलिन दिले की तो बरा होई आणि काही आठवड्यांत परत येई. विजेच्या प्रवाहात रक्तातली प्रथिने वेगवेगळी करणारे यंत्र तेव्हा रुग्णालयांत नवीनच आले होते. त्यात या मुलाचे रक्त तपासले, तर गॅमा ग्लोब्युलिनची जागा रिकामी. प्रतिपिंडे याच गटात मोडतात. ब्रुटन यांनी दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन त्याला नियमित टोचायला सुरुवात केली आणि संसर्गांची मालिका थांबली.

इथवर कमी-जास्तीचे गणित बरोबर जुळते. पण मग प्राध्यापक पुढचा प्रश्न टाकतात. प्रतिपिंडे नसलेल्या अशा मुलांना गोवर, कांजिण्या होतात तेव्हा काय होते? होते असे की बहुतेक वेळा ती इतर मुलांसारखीच बरी होतात. मग प्रतिकारशक्ती 'कमी' होती म्हणायचे की नाही? उत्तर एकच उरते : प्रतिकाराचे निदान दोन वेगळे विभाग असले पाहिजेत आणि या मुलांमध्ये त्यांतला एकच बंद आहे.

दुसरा धागा आला कोंबड्यांच्या खुराड्यातून. ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा संशोधक विद्यार्थी कोंबडीच्या शेपटीजवळच्या बर्सा नावाच्या पिशवीचे काम काय, हे शोधत होता. काही कोंबड्यांची बर्सा त्याने काढली. वाढीत फारसा फरक दिसला नाही. टिमोथी चँग या सहकाऱ्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचे होते. जंतू टोचल्यावर प्रतिपिंडे कशी तयार होतात, एवढेच दाखवायचे. त्याने त्यातल्याच काही कोंबड्या मागून नेल्या. प्रात्यक्षिक फसले, प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. त्या कोंबड्यांना बर्सा नव्हती. 'सायन्स' नियतकालिकाने हा शोधनिबंध परत पाठवला आणि १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. वैद्यकातल्या लोकांच्या नजरेत तो यायला पुढे बरीच वर्षे गेली.

तिसरा धागा १९६५ चा. फिलाडेल्फियाच्या अँजेलो डीजॉर्ज यांनी थायमस ग्रंथीविना जन्मलेल्या बालकांचे वर्णन केले. या बालकांना आधी येतात ते झटके; कारण थायमसबरोबर कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीही घडलेल्या नसतात. गळ्याच्या आणि छातीच्या त्या भागाची गर्भातली घडणच बिघडलेली असते. ब्रुटन यांचा मुलगा आणि डीजॉर्ज यांची बालके शेजारी ठेवली की चित्र पूर्ण होते. एकीकडे प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी नाहीत, दुसरीकडे थायमसमध्ये तयार होणाऱ्या टी पेशी नाहीत. आज पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर सहज छापलेली ही विभागणी आजारी मुले आणि कोंबड्या यांच्याकडून शिकलेली आहे.

जंतूचे नाव हाच पहिला पुरावा

हार्वर्डच्या फ्रेड रोझेन आणि राइफ गेहा यांनी १९९०च्या दशकात रुग्णकथांमधून रोगप्रतिकारशास्त्र शिकवणारे पुस्तक काढले. तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली. विद्यार्थ्यापुढे एक मूल ठेवायचे; वय, घराण्याचा इतिहास, कोणते संसर्ग, कधी. निदान त्याने करायचे.

यात पहिली नजर जाते ती जंतूच्या नावावर. न्यूमोकोकससारखे आवरण असलेले जंतू पुन्हा पुन्हा कान आणि छाती धरत असतील, तर संशय प्रतिपिंडांवर. तोंडात न हटणारी बुरशी, निरोगी माणसाला सहसा न होणारा न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, साध्या विषाणूंचे चिघळणे, असे असेल तर संशय टी पेशींवर. मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकस जंतूचा संसर्ग दोनदा-तीनदा होऊन गेला, तर रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनांची साखळी तपासायची. यकृतात स्टॅफिलोकोकसचे गळू आणि फुप्फुसात ॲस्परजिलस बुरशी असेल, तर जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींकडे वळायचे. भारतात यात आणखी एक खूण असते. बीसीजीची लस इथे जन्मल्याबरोबर देतात. तिच्यातले जंतू जिवंत पण दुबळे असतात. ज्या बाळाला टी पेशीच नाहीत, त्याच्या अंगभर ते पसरतात. म्हणून डाव्या काखेतली सुजलेली गाठ आणि वजन न वाढणारे बाळ एकत्र दिसले की शिकाऊ डॉक्टरने सावध व्हावे, असे त्याला बजावलेले असते.

न्यूट्रोफिलांच्या आजाराची तपासणी तर प्रात्यक्षिकाच्या तासाला पाहण्यासारखी आहे. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आजारात न्यूट्रोफिल जंतू गिळते, पण त्याला मारण्यासाठी लागणारे ऑक्सिजनचे तिखट रेणू तिला बनवता येत नाहीत. ताजे रक्त घ्यायचे, सोबत एका निरोगी माणसाचेही घ्यायचे, पेशींना चेतवायचे आणि त्यात एनबीटी नावाचा पिवळा रंग घालायचा. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिलांत गडद निळे-काळे कण भरलेले दिसतात. आजारी मुलाच्या पेशी कोऱ्याच. मग मुलाच्या आईची पट्टी लावायची. तिच्या काही पेशी निळ्या आणि काही कोऱ्या, एकाच दृश्यक्षेत्रात शेजारी शेजारी! सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असले तर असे होते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो, आणि कोणता ते पेशीगणिक बदलते. जनुकशास्त्राच्या वर्गात फळ्यावर शिकलेला नियम इथे डोळ्यांनी मोजता येतो.

आता हीच तपासणी बहुधा फ्लो सायटोमीटरवर होते. डायहायड्रोऱ्होडामाइन नावाचा दुसरा रंग वापरतात, हजारो पेशी लेझरसमोरून एकेक करून जातात आणि आईच्या आलेखात दोन वेगवेगळी शिखरे उमटतात. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था, म्हणजे आयसीएमआरची एनआयआयएच, अशा जन्मजात आजारांचे निदान आणि संशोधन करते. प्रतिकारयंत्रणेचे असे साडेचारशेहून अधिक जन्मजात बिघाड आज नावानिशी नोंदलेले आहेत.

उंदरांनी घातलेले कोडे

सगळ्यात गंभीर जन्मजात बिघाड म्हणजे 'सिड'. टी पेशी नाहीत आणि त्यांच्यावाचून बी पेशीही निरुपयोगी. ह्यूस्टनमध्ये १९७१ साली जन्मलेला डेव्हिड हा याच आजाराचा रुग्ण. जन्मल्यापासून प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवलेला हा मुलगा 'बबल बॉय' म्हणून जगाला माहीत झाला. बहिणीच्या अस्थिमज्जेचे रोपण केल्यावर, त्या मज्जेत सुप्त असलेल्या एप्स्टाइन-बार विषाणूमुळे कर्करोग होऊन १९८४ मध्ये तो गेला. त्याआधी, १९६८ मध्ये, गुड यांच्या चमूने सिडच्या एका बाळाला बहिणीचीच मज्जा देऊन वाचवले होते.

एक्स गुणसूत्रावरच्या सिडचे जनुक १९९३ मध्ये सापडले आणि वर्गात चर्चेला घ्यायला एक उत्तम कोडे मिळाले. ते जनुक इंटरल्युकिन-२ या संदेशरेणूच्या ग्राहीचा एक भाग बनवते. इंटरल्युकिन-२ टी पेशींची वाढ करते, हे आधीपासून माहीत होते. म्हणजे झाले की! संदेश पोचत नाही, म्हणून टी पेशी नाहीत. पण त्याच सुमारास इंटरल्युकिन-२ मुळीच नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्यांच्यात टी पेशी होत्या, भरपूर होत्या, आणि त्यांनी उंदरांच्याच आतड्यावर हल्ला चढवला होता.

उलगडा दोन टप्प्यांत झाला. तो भाग एकट्या इंटरल्युकिन-२ चा नव्हता. अर्धा डझन संदेशरेणूंचे ग्राही तो सामायिक वापरत होते. टी पेशी घडवणारा खरा संदेश इंटरल्युकिन-७ चा. आणि इंटरल्युकिन-२ चे मोठे काम भलतेच निघाले : हल्ला करणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या, नियामक टी पेशींना जगवण्याचे. 'वाढीचा' म्हणून ओळखलेला रेणू आवरण्याच्या कामी लागत होता.

नियामक पेशींचा शोधही दोन बिघाड शेजारी ठेवून लागला. १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. त्यांच्या लिंफोसाइट पेशी रोडावल्या आणि परक्या उंदराची कातडीही त्यांनी मुकाट स्वीकारली. १९६९ मध्ये जपानी संशोधकांनी तीच ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. तर माद्यांची अंडाशये नष्ट झाली. पुढे कळले की त्यांच्याच टी पेशींनी ती नष्ट केली होती. अवयव तोच, फरक तीन दिवसांचा, आणि आजार विरुद्ध टोकांचे. हल्लेखोर पेशी थायमसमधून आधी बाहेर पडल्या होत्या, त्यांना आवरणाऱ्या मागाहून निघायच्या होत्या. शिमोन साकागुची यांनी हा धागा धरून १९९५ मध्ये नियामक टी पेशी ओळखून दाखवल्या. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये एका रोगट उंदराच्या वाणातून फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. तेच बिघडल्यावर मुलग्यांना अगदी लहानपणी मधुमेह, इसब आणि न थांबणारे जुलाब होतात. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

'जास्त' म्हणजे नक्की काय जास्त?

प्रतिक्रिया अति झाली की ॲलर्जी, हेही एक अर्धवट वाक्य. फिलिप गेल आणि रॉबिन कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये अशा प्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्रात ते शिकवतात आणि तोंडी परीक्षेत ते हमखास विचारतात.

पहिला प्रकार मिनिटांत होणारा : पेनिसिलिनचे इंजेक्शन, अंगावर गांधी, घशाला सूज, रक्तदाब खाली. दुसऱ्यात प्रतिपिंडे थेट पेशींवर चिकटतात. आरएच निगेटिव्ह आईच्या प्रतिपिंडांनी आरएच पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात तो हा प्रकार. तिसरा सर्पदंशाच्या वॉर्डात भेटतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचा उतारा घोड्याच्या रक्तातून काढतात. जीव वाचलेला शेतकरी आठवड्या-दीड आठवड्याने ताप, पुरळ आणि सांधेदुखी घेऊन परत येतो. घोड्याची प्रथिने आणि त्यांच्यावर तयार झालेली त्याची प्रतिपिंडे यांचे गठ्ठे बारीक रक्तवाहिन्यांत अडकलेले असतात. व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी घटसर्पाचा उतारा टोचलेल्या मुलांमध्ये हाच आजार पाहिला आणि १९०५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

चौथा प्रकार मराठी घरांना पाठ आहे, नाव ठाऊक नसले तरी. बिब्बा 'उतणे' म्हणजे तोच. बिब्ब्याचे तेल लागले की दोन दिवसांनी कातडी लाल होते, फोड येतात, पाणी सुटते. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमक्या त्या खुणेच्या जागी चट्टे उठले. यात प्रतिपिंडांचा संबंध नाही. सगळा कारभार टी पेशींचा. टी पेशी गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन दिवस. क्षयाची माँटू चाचणी ४८ ते ७२ तासांनी वाचतात तीही याच कारणाने.

म्हणजे चौघांनाही 'अति' म्हटले, तरी अति झालेली वस्तू प्रत्येक वेळी निराळी. कुष्ठरोग तर याच्याही पुढे जातो. जंतू एकच. एका रुग्णाच्या टी पेशी जोरात काम करतात. चट्टे मोजके, त्यांत जंतू जवळजवळ सापडत नाहीत, पण त्या झटापटीत मज्जातंतू लवकर जायबंदी होतात. दुसऱ्याच्या टी पेशी त्या जंतूपुढे गप्प असतात. कातडीत जंतूंचे थवे, आणि रक्तात मात्र प्रतिपिंडांचा सुकाळ, ज्यांचा उपयोग शून्य. रिडली आणि जॉप्लिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांमधल्या पायऱ्या आखून दिल्या. दुसऱ्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी की जास्त, या प्रश्नाला उत्तर नाही; प्रश्नच चुकीचा आहे.

आपलीच माणसे, आपलाच हल्ला

शरीर स्वतःवर विष टाकायला धजणार नाही, असे पॉल अर्लिक यांचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे मत होते. त्या मताचा दबदबा दीर्घकाळ टिकला. बफेलोमध्ये तरुण नोएल रोझ यांनी सशाला त्याच्याच थायरॉइडचा अर्क टोचला, तेव्हा प्रतिपिंडे तयार झाली आणि ग्रंथी सुजली. त्यांचे मार्गदर्शक अर्न्स्ट विटेब्स्की अर्लिकच्याच परंपरेतले. त्यांनी खात्री पटेपर्यंत प्रयोग पुन्हा पुन्हा करायला लावले. १९५६ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्याच वर्षी लंडनमध्ये हाशिमोटो आजाराच्या रुग्णांच्या रक्तातही थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे सापडली.

तरीही स्वतःविरुद्ध प्रतिपिंड सापडले म्हणजे आजार, असे नव्हे. एएनए चाचणीत मानवी पेशींच्या थरावर रुग्णाचे रक्तद्रव्य टाकतात आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून पेशींची केंद्रके पोपटी हिरवी चमकतात का, ते बघतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांचे रक्तद्रव्य ४० पट पातळ करून पाहिले, तर सुमारे ३२ टक्क्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली. १६० पट पातळ केल्यावरही ५ टक्क्यांची. सांधेदुखीसाठी एएनए करून अहवाल हातात घेऊन घाबरलेली माणसे दवाखान्यात रोज येतात. त्यांना काय सांगायचे, हे शिकणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

आणि स्वतःवरचा हल्ला कधी कधी थेट दुबळेपणाच घडवतो. 'एअर' नावाचे जनुक बिघडलेल्या रुग्णांत अंतःस्रावी ग्रंथी एकामागून एक नष्ट होतात आणि तोंडात कॅन्डिडा बुरशी ठाण मांडते. २०१० मध्ये कारण कळले : बुरशीला रोखणाऱ्या इंटरल्युकिन-१७ विरुद्धच या रुग्णांनी प्रतिपिंडे बनवलेली असतात. २०२० मध्ये कोविडने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवले. जीवघेणा न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात, विषाणूला पहिल्यांदा अडवणाऱ्या इंटरफेरॉनलाच निकामी करणारी स्वतःची प्रतिपिंडे सापडली. त्यांना 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणाऱ्याने आधी सांगावे, कोणती?

परीक्षेतला शेवटचा प्रश्न

भारतात हा विषय वेगवेगळ्या दारांनी शिकता येतो. वैद्यकातून येणाऱ्यांसाठी लखनौच्या संजय गांधी संस्थेसारख्या ठिकाणी एमडीनंतर क्लिनिकल इम्युनॉलॉजीचे डीएम आहे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये मुलांच्या अशा आजारांवर मोठे काम चालते. विज्ञान शाखेतून येणाऱ्यांसाठी दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था आहे. दार कोणतेही असो, आत गेल्यावर शेवटी गाठ पडते ती पुढे दिलेल्यासारख्या रुग्णाशी.

विशीतली तरुणी. लहानपणापासून छातीचे संसर्ग, रक्तात प्रतिपिंडे कमी. शिवाय जुनाट जुलाब, स्वतःच्याच प्रतिपिंडांनी फुटणाऱ्या तांबड्या पेशी, आणि फुप्फुसात घुसलेल्या लिंफोसाइट. तपासणीत सीटीएलए-४ या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष. उपचार सांगा.

कमी-जास्तीच्या हिशेबाने चालणारा विद्यार्थी इथे अडकतो. प्रतिकार वाढवावा तर रक्तपेशी फुटतात, कमी करावा तर न्यूमोनिया. अभ्यास केलेला विद्यार्थी आधी विचारतो, कोणता भाग बिघडला? सीटीएलए-४ हा टी पेशींचा लगाम आहे. नियामक पेशी त्यावरच चालतात. लगाम अर्धाच उरला म्हणून टी पेशी मोकाट सुटल्या आणि त्या गोंधळात बी पेशींचीही वाताहत झाली. हा बिघाड २०१४ मध्ये उजेडात आला. त्यावर चालणारे औषध, अबॅटासेप्ट, आधीपासून बाजारात होते. ते म्हणजे मुळात सीटीएलए-४ चाच प्रयोगशाळेत बनवलेला अवतार, आणि ते बनवले होते संधिवातात प्रतिकारयंत्रणेला आवर घालण्यासाठी. त्याच्या जोडीला, ब्रुटन यांनी त्या मुलाला दिले होते तेच, दुसऱ्यांच्या रक्तातले गॅमा ग्लोब्युलिन.

एकाच रुग्णाला, एकाच वेळी, प्रतिकार दडपणारे औषध आणि प्रतिकार पुरवणारे औषध. ही चिठ्ठी न अडखळता लिहिता आली आणि तिचे कारण सांगता आले, की विषय समजला असे परीक्षकाने मानायला हरकत नाही.